हवेचं काम

अंबू म्हणतात तिला. मी ऐकलं आंबू.
हातात मावेल एवढी दुधी रंगाची पिशवी,
दाबली की रिती होते,
सोडली की आपली आपण फुगते.
दिघ्याच्या रस्त्यावर तीस वर्षं हवा विकली,
अशी वस्तू पाहिली नव्हती.

वॉर्डात यंत्रं तीन, तिन्ही लागलेली.
"चौथं वाशीहून निघालंय," गावित सिस्टर म्हणाल्या,
"तोवर हात पाहिजेत. तुम्ही कोण त्यांचे?"
शेजारी, म्हटलं.
खरं तर आमच्या शेजारात
एक पत्रा होता,
एक सेकंडहँड कॉम्प्रेसर,
आणि चार वर्षांचा अबोला.

जोमा मढवी दुकानातच झोपायचा, जमिनीवर.
मण्यार गोधडीत शिरली.
चावली तेही कळलं नाही त्याला.
आधी पापण्या जड झाल्या, मग जीभ,
मग पत्र्यावर त्याने तीनदा थाप मारली.
मी पहिल्या दोन थापांना उठलो नव्हतो.

"दाबा," सिस्टर म्हणाल्या. मी दाबलं.
"एवढं नाही! ट्रक नाही हा.
छाती उचलली की बास.
आता सोडा. पूर्ण सोडा.
मनात पाच मोजा. परत."
सवयीने विचारलं, किती पौंड?
"छातीकडे बघा. तोच काटा."

तासाभरात तिची रचना कळली मला.
भिंतीतून येणारी नळी, पंधरावर लावलेली,
मागे शेपटीला पातळ पिशवी,
ती चिपटली तर समजायचं, पुरवठा कमी पडतोय.
पुढे चिमणीच्या चोचीएवढी झडप:
दाबताना त्याच्याकडे उघडते,
सोडताना मिटते,
आणि त्याचा उष्टा श्वास
बाजूच्या वाटेने निघून जातो,
पुढच्या घासात मिसळत नाही.
कुणी केली असेल ही झडप?
कारागीर माणूस असणार.

टायरात हवा कोंडायची असते.
कोंडली, टोपण लावलं, गिऱ्हाईक गेलं.
इथे निम्मं काम सोडण्याचं,
आणि ते मला जमत नव्हतं.
सोडताना मूठ अर्धी मिटलेलीच राहायची.

साडेचारला सलाईन बदलताना सिस्टर सहज बोलल्या,
"ऐकू येत असेल हं त्यांना.
मण्यारीचं असंच असतं. पापणी तेवढी उचलत नाही.
बोला काहीतरी."

बोला!
चार वर्षांचं सगळं घशाशी आलं
आणि मी म्हटलं,
"जोमा, काल एक टेंपो आला होता,
मागचे दोन्ही गेलेले."
दाब. सोड.
"एक तुझ्याकडे पाठवणार होतो."
दाब. सोड.
नव्हतो पाठवणार.
"जोमा, तो पट्टा.
कॉम्प्रेसरचा. तो आपोआप नाही तुटला."

पाचाचे नऊ झाले असतील.
पिशवी फुगून माझ्या हातात वाट बघत होती.
"टायरवाले!"
दाबलं.
छाती उचलली.

त्याच्या डोळ्यातून कानाकडे पाणी ओघळलं होतं.
सिस्टरांनी मघाशी थेंब घातले होते.
तेच असेल.

साडेसातला लिफ्टमधून यंत्र आलं.
"आता सोडा," त्या म्हणाल्या,
आणि क्षणभर मला समजेना
कुठलं सोडणं म्हणतायत.
मग त्यांनीच माझी बोटं एकेक करून उकलली.
यंत्राचं पुढचं डावं चाक कुरकुरत होतं.
मी वाकून बघितलं.
तेवढंच मला येण्यासारखं राहिलं होतं तिथं.

दहाला दुकान उघडलं.
जोमाच्या शटरसमोर एक रिक्षा उभी,
"मढवी कधी येतील?"
येतील, म्हटलं, आणि तिचं चाक काढलं.
अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता, पाना धरवेना.
साठ रुपये झाले.
त्याच्या शटरखालून आत सरकवले.

पट्टा ऐरोलीला मिळतो.
तीनशे ऐंशीला.
सोमवारी बंद असतात ते.